पाचगावचा जखमी शिपाई आणि त्याची थकबाकी

गतवर्षी एका मंगलकार्याच्या निमित्ताने भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी या गावी जाण्याचा योग आम्हांस आला. पंगती उठल्यावर मांडवात वडीलधारी मंडळी बसली आणि बोलण्याचा ओघ, आपल्या समाजात तो नेहमी वळतो त्याप्रमाणे, पूर्वजांच्या पराक्रमाकडे वळला. माळव्यातील धार, परमारांचे कुळ, रामटेकजवळचे नगरधन, भोसल्यांच्या स्वाऱ्या आणि कटकची मोहीम असा सारा प्रवास घटकाभरात झाला. आम्हीही त्यात उत्साहाने भर घातली. तेव्हा इतका वेळ मुकाट्याने सुपारी कातरीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले की, ज्यांस जमिनी मिळाल्या त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. पण ज्यांचे हातपाय रणात गेले आणि ज्यांचा पगारही धन्याकडे अडकून राहिला, त्यांचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. तेही आपलेच होते ना?

मांडवात क्षणभर शांतता पसरली. आम्हांस उत्तर देता आले नाही, हे कबूल करण्यास संकोच वाटत नाही. परत आल्यावर इतिहासाचे जे ग्रंथ हाताशी होते ते याच एका दृष्टीने पुन्हा चाळले आणि जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या द्वारे समाजबंधूंपुढे ठेवीत आहोत. सेनापतींची नावे वाचकांस पाठ आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो हजिरीच्या यादीतील एका ओळीपुरत्या उरलेल्या मनुष्याचा.

जखमी शिपायाची कदर करण्याची चाल मराठी राज्यात नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ती आरंभापासून होती. कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत, अफझलखानाच्या प्रसंगानंतर म्हणजे इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांनी काय केले ते नमूद केले आहे. जे जखमी झाले त्यांस जखम पाहून कोणास दोनशे, कोणास शंभर, कोणास पन्नास, तर कोणास पंचवीस होन दिले. जे कामास आले त्यांच्या मुलांस चाकरीत घेतले आणि ज्या विधवांस पुत्र नव्हता त्यांस पतीच्या वेतनाचा निम्मा भाग लावून दिला. ‘जखम पाहून’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. याचा अर्थ असा की, कोणी तरी त्या मनुष्यापाशी गेला, जखम उघडून पाहिली, तिची मोठी की लहान अशी पारख केली आणि त्याप्रमाणे आकडा मांडला. महाराजांचा कटाक्ष जहागिरीऐवजी रोख वेतनावर होता हे प्रसिद्धच आहे; त्या कटाक्षाशिवाय ही पारख शक्य झाली नसती.

पुढे पेशवाईतही हा धागा तुटला नाही. पेशव्यांच्या रोजनिशींचे जे उतारे वाड यांनी छापविले त्यांत जखमी मनुष्यांस औषधोपचारासाठी व पोटासाठी दिलेल्या रकमांच्या नोंदी आहेत. पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ असे सुंदर नाव होते. आजच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाची ती वडील बहीण म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही दाद मिळण्यासाठी शिपायाचे नाव दप्तरात असावे लागे, आणि ते दप्तर कसे चाले हे समजल्याखेरीज पुढील हकिकतीचे मर्म ध्यानात येणार नाही. मोहिमेस निघण्यापूर्वी शिलेदारास काही रक्कम आगाऊ मिळे, तिला नालबंदी म्हणत. नाव घोड्याच्या नालांचे, परंतु त्या पैशात घरचे देणे भागवून, दाणागोटा घेऊन स्वारीस निघावयाचे. स्वारीत असता रोजच्या पोटापुरता जो पैसा मिळे तो रोजमुरा. बाकीची बेरीज मोहीम आटोपून फौज परत आल्यावर हिशेब होऊन मिळावयाची, आणि तो हिशेब हजिरीवरून होई. हजिरीच्या यादीत मनुष्याचे नाव, गाव, घोड्याचा रंग व किंमत असा तपशील असे. कित्येकदा रोख रकमेऐवजी एखाद्या परगण्याच्या वसुलावर वरात मिळे. म्हणजे सरकारने हाती चिठ्ठी द्यावयाची आणि शिपायाने त्या गावच्या कमाविसदारापुढे जाऊन उभे राहावयाचे. गाव ओसाड असले, पाऊस पडला नसला किंवा त्याच वसुलावर आधीच दुसऱ्याची वरात असली, तर चिठ्ठी कमरेला आणि मनुष्य रिकाम्या हाती. यादी, वरात आणि धनी ही तिन्ही शाबूत असली तरच शिपायाचे घर चाले.

शिलेदाराची आणखी एक अडचण होती. पागेतील बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा रणात पडला तर शिलेदाराचे भांडवलच बुडाले. काही करारांत घोड्याची भरपाई सरकारने द्यावी असे ठरलेले असे. पण घोडाही गेला आणि पायही गेला अशा मनुष्याने दोन अर्ज घेऊन कोठे जावे?

आता आपल्या प्रांताकडे वळू. थोरले रघूजी भोसले इ. स. १७५५ मध्ये वारले. त्यांच्या चार पुत्रांत वाटणी होऊन जानोजी नागपुरास सेनासाहेब सुभा झाले, मुधोजीकडे चांदा, बिंबाजीकडे छत्तीसगड आणि साबाजीकडे वऱ्हाडातील दारव्ह्याची बाजू आली. जानोजींस पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याचे ठरविले होते, परंतु इ. स. १७७२ मध्ये जानोजी निवर्तले आणि त्यांची स्त्री दर्याबाई हिने साबाजीचा पक्ष उचलला. झाले, दोघा सख्ख्या भावांत यादवी पेटली. पुण्यास त्याच वर्षी थोरले माधवराव पेशवे वारले होते. नारायणराव साबाजीकडे, तर रघुनाथराव मुधोजीकडे, अशी तेथील फूट येथे येऊन मिळाली. निजामानेही यात लक्ष घातले. १७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारी येथे लढाई झाली, पुढे तह झाले, मोडले आणि अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस उमरेडच्या वाटेवर पाचगाव येथे दोन्ही फौजांची गाठ पडली.

या दिवसाची हकिकत वाचताना मन विषण्ण होते. जय साबाजीचा होत होता. मुधोजीभोवती शत्रूचा वेढा पडला होता. विजय हातात आला असे पाहून साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीवर घातला, त्यास धरावे या हेतूने; आणि मुधोजीने पिस्तूल झाडून आपल्या भावास जागच्या जागी ठार केले. एका गोळीने लढाईचा निकाल फिरला. साबाजीच्या फौजेचा रणात मोड झालेला नव्हता. तिचा धनी मात्र उरला नाही. पुढे अल्पवयी रघूजीच्या नावाने मुधोजी कारभार पाहू लागले आणि नागपूरच्या गादीचा तंटा मिटला. बखरकाराच्या दृष्टीने प्रकरण येथे संपते.

आमच्या दृष्टीने ते येथे सुरू होते. साबाजीच्या बाजूने लढत असलेला एखादा शिपाई त्या दिवशी पाचगावच्या माळावर मांडीत गोळी लागून पडला आहे अशी वाचकांनी कल्पना करावी. तो वऱ्हाडचा असेल, झाडीतला असेल. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातील असणेही अशक्य नाही. क्षणापूर्वी तो जिंकणाऱ्या पक्षाचा होता. तीन वर्षांच्या धामधुमीत त्याची किती महिन्यांची बाकी चढली हे ज्या यादीवरून ठरावयाचे ती यादी साबाजीच्या कारकुनाच्या रुमालात बांधलेली, आणि तो कारकून पळालेला किंवा नव्या धन्यास रुजू झालेला. परक्या शत्रूशी लढताना पडला असता तर त्यास म्हणता आले असते की, मी राज्यासाठी रक्त सांडले, माझी जखम पाहा. येथे राज्य एकच, निशाण एकच, घराणेही एकच. ज्या सरकारपुढे जखम उघडून दाखवावयाची त्याच सरकारविरुद्ध ती झालेली! मुधोजीच्या फडात जाऊन त्याने काय म्हणावे? तुमच्या माणसांनी मला जायबंदी केले, सबब माझा पगार द्या, असे?

परक्या शत्रूशी झालेल्या लढाईनंतर राज्य जखमींकडे वळून पाहते. भाऊबंदकीच्या लढाईनंतर जिंकलेल्या पक्षास अर्ध्या जखमींकडे पाहावयाचेच नसते. हे आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या पक्षाकडील जखमींसाठी व मृतांच्या कुटुंबांसाठी तेथील मध्यवर्ती सरकारने १८६२ मध्येच निवृत्तिवेतनाचा कायदा केला. दक्षिणेकडून लढलेल्यास मात्र त्या खजिन्याचे दार बंद होते. त्याच्या वाट्यास जे थोडेबहुत आले ते पुढे दक्षिणेतील त्या त्या राज्याने आपल्या तिजोरीतून दिले. साबाजीच्या शिपायास तर असे दुसरे दारही नव्हते.

धडधाकट शिपायाजवळ एक उपाय असे. तो म्हणजे तगादा, आणि तगाद्याने न भागल्यास धरणे. आज सभा-मोर्चांच्या बातम्यांत आपण जो ‘धरणे’ हा शब्द वाचतो तो फौजेतही चांगलाच परिचयाचा होता. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या तंबूभोवती बसत, त्यास बाहेर जाऊ देत नसत, आणि जोवर शिपाई उपाशी तोवर धन्यानेही अन्न घेऊ नये असा संकेत होता. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिला होता. त्याने असल्या धरण्यांचे वर्णन करून ठेवले आहे. या उपायाचे भयंकर रूपही आपल्या इतिहासाने पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी शिरले ते थकलेल्या पगाराच्या मागणीचा बहाणा करूनच, आणि त्याचा शेवट नारायणरावांच्या खुनात झाला. त्या कटाचे समर्थन कोण करील? पण हा बहाणा कोणास खोटा वाटला नाही, याचे कारण पगार थकणे ही नित्याची गोष्ट झाली होती, एवढे खरे.

धरणे धरावयाचे तर बसता आले पाहिजे, पाचशे जणांत मिसळता आले पाहिजे, वेळ पडल्यास तलवारीस हात घालता आला पाहिजे. ज्यास सोबत्यांनी खाटेवर घालून गावी पोहोचविले आहे त्याचे धरणे कोणास भ्यावयास लावणार? त्याची बाकी मागावयास गेलाच तर त्याचा बाप किंवा धाकटा भाऊ जाणार, तोही खरिपाची कामे टाकून.

मग जमिनीचे काय, असे वाचक विचारतील, आणि ते योग्यच आहे. कारण आपल्या समाजाचा या भागातील विस्तार याच गोष्टीशी जोडलेला आहे. रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातींविषयीचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या साहाय्याबद्दल पोवारांस वैनगंगेच्या पश्चिमेकडील जमिनी मिळाल्या, असे त्यात सांगितले आहे. चिमणाजी हे मुधोजींचेच चिरंजीव. त्यांची फौज कटकेस गेली तेव्हा मराठे-इंग्रज युद्ध चालू होते, आणि १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज याने लक्षावधी रुपये देऊन ती आपल्यावर येऊ दिली नाही. त्या रकमेतील किती पैसा तळावरच्या शिपायापर्यंत झिरपला असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. शिपायास मिळाली ती जमीन.

या जमिनीचा आपणांस अभिमान आहे आणि असावा. पण ती कशी होती? आज जेथे धानाची खाचरे व बोड्या दिसतात तेथे त्या काळी बव्हंशी झाडी होती. सरकारने दिले ते रान. झाडे तोडणे, बुंधे उपटणे, बांध घालणे, पाणी अडविणे हे सारे घेणाऱ्याने करावयाचे. म्हणजे चाकरीचा मोबदला म्हणून जे मिळाले ते त्याने कुऱ्हाड व कुदळ चालवून दुसऱ्यांदा कमवावयाचे. आपल्या वाडवडिलांनी ते केले आणि उत्तम केले. पाटबंधाऱ्याच्या कामात व धानशेतीत पोवारांचा हातखंडा परक्यांनीही वाखाणला आहे. परंतु असला मोबदला दोन्ही हात शाबूत असणाऱ्याच्याच उपयोगाचा. उजवा हात खांद्यापासून लुळा पडलेल्याने त्या रानाचे काय करावे? करडीच्या त्या वृद्धांच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा आम्हांस येथे झाला असे वाटते. जमीन ज्यांनी उभी केली त्यांचे वंश वाढले, गावे वसली, गोष्टी उरल्या. ज्यांस ती उभी करता आली नाही ते कोणाच्या तरी ओसरीवर दिवस काढून गेले. त्यांच्या नावे ना सनद, ना शीव, ना गोष्ट.

पुढचा काळ तर याहून कठीण आला. ज्या रघूजीसाठी पाचगावचे रण झाले तेच दुसरे रघूजी म्हणून राज्य करू लागले. १८०३ च्या युद्धात २९ नोव्हेंबरला आडगावास व १५ डिसेंबरला गाविलगडास पराभव झाला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडही गेला. उत्पन्न आटले तसा राजाचा हात आखडला. लोक त्यास ‘मोठा बनिया’ म्हणू लागले, आणि असे म्हणण्यास कारण होते. शिपायांचे पगार तुंबवून ठेवावयाचे. अडलेल्या शिपायास राजाच्याच पेढीतून जबर व्याजाने कर्ज द्यावयाचे. आणि शेवटी पगार चुकता करण्याची वेळ आली म्हणजे त्यातील तिसरा हिस्सा राजाच्याच दुकानातील कापडाच्या रूपाने पदरात घालावयाचा, अशी त्या वेळची रीत नमूद आहे. स्वतःचेच पैसे स्वतःच्याच धन्याकडून व्याजाने घेणारा हा शिपाई पाहिला म्हणजे हसावे की रडावे हे कळत नाही. शिवाजी महाराजांची ती जखम पाहून होन देण्याची रीत आणि हे कापड, यांत दीडशे वर्षांचेही अंतर नाही.

दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. त्यांचे पुत्र परसोजी यांचा १८१७ च्या आरंभी खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली, १६ डिसेंबरला नागपूरची झाली आणि भोसल्यांची फौज मोडली. याही वेळी एक गोष्ट दिसून आली. पदरच्या अरबांनी शहरातील वाडा धरून ठेवला, २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला परतविला, आणि शस्त्रे व चीजवस्तू घेऊन बायकामुलांसह निघून जाण्याची मुभा मिळाल्यावरच ३० डिसेंबरला शहर सोडले. ज्याच्या हाती बंदूक आणि पाठीशी भिंत होती त्याने आपल्या अटी मिळविल्या. सीताबर्डीच्या टेकडीखाली जखमी झालेला खेड्यातला शिपाई कोणत्या भिंतीआड बसणार होता?

असो. आजचा जखमी जवान या अवस्थेत नाही. त्याचे नाव एकाच सरकारच्या दप्तरात असते, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन कायद्याने मिळते आणि दाद मागण्यास जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. कागदांच्या खेपा त्यालाही चुकत नाहीत, हे आपल्यांतील ज्या घरांतून मुले फौजेत गेली आहेत त्यांस सांगावयास नको.

मांडवातील त्या संभाषणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ते वृद्ध गृहस्थ आम्हांस मुद्दाम आपल्या घरी घेऊन गेले आणि माळ्यावरची लाकडी पेटी त्यांनी खाली उतरविली. आत वाळवीपासून वाचलेली बरीच कागदपत्रे होती. आम्ही ती दोन तास उलगडून पाहिली. जुन्यांतला जुना कागद मालगुजारीच्या काळचा निघाला. साऱ्याच्या पावत्या होत्या, एका बोडीच्या पाण्याविषयीच्या तंट्याचा निकाल होता, लग्नाच्या खर्चाची टिपणे होती. शिपाईगिरीचा एकही कागद नव्हता. “मग आमचा शिपाई त्याच दुसऱ्या प्रकारचा असावा,” असे म्हणून त्यांनी पेटी बंद केली.

परंतु एका पेटीवरून साऱ्या समाजाचा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. भंडारा, गोंदिया, बालाघाट व शिवनी या जिल्ह्यांतील आपल्या जुन्या घरांतून अशा पेट्या अजून आहेत. त्यांत मोडी लिपीतील एखादी वरात, हजिरीची नक्कल, नालबंदीची पावती किंवा बाकीच्या तगाद्याचे पत्र असण्याचा संभव आहे. कागद वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी समजून चुलीत जाऊ देऊ नये. ज्यांस असे काही आढळेल त्यांनी त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून पुढील स्मरणिकेच्या आधी संपादक मंडळाकडे धाडावे. मोडी वाचणारी मंडळी आम्ही मिळवू. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये. तो ज्याच्या घरचा त्याच्याच घरी राहू द्यावा.